एमटीबीलाच रस्त्याची करू की सरळ रोड बाईक घेऊ?

मंदगती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून धागा काढतोय. ही पद्धत चांगली नाही, कबूल आहे.

माझ्याकडे आठ वर्षांची २६ इंची एमटीबी (माउंटन बाईक, डोंगरवाटांची सायकल) आहे. पुढे सस्पेन्शन, व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारे), ३×८ गियर (चकत्यांचे दात पुढे ४२/३४/२४, मागे ११-३२) आणि जाड बटण टायर. आधी मी एकटा वजनकाट्यावर, मग सायकल उचलून, अशी वजाबाकी केली तर सायकल १४ किलो भरली. मी ७५. ही बया डोंगरात शेवटची कधी गेली ते आठवत नाही. सगळं चालवणं डांबरी रस्त्यावरच. आठवड्यात दोनदा वीस-पंचवीस किमी आणि रविवारी आम्ही चौघं मिळून ६० किमी. बाकी तिघांकडे रोड बाईक (डांबरी रस्त्यासाठीच्या हलक्या सायकली) आहेत. पहिले दहा किमी आमच्या गप्पा होतात, नंतर मला त्यांच्या पाठी दिसतात, त्यानंतर काहीच दिसत नाही. ते पुढे थांबतात, मी पोचलो की लगेच निघतात. म्हणजे विश्रांती त्यांना मिळते, मला नाही.

माझा सरासरी वेग १९-२० च्या वर जात नाही. तीन महिन्यांनी २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायचं डोक्यात आहे.

प्रश्न असा, की याच सायकलला बारीक टायर, कडक फोर्क (पुढचं चाक धरणारा, न दबणारा दांडा) आणि जमलं तर ड्रॉप हँडल (रोड बाईकसारखं खाली वळलेलं) बसवून काम भागेल का? की त्यात पैसे घालण्यापेक्षा सरळ रोड बाईक घ्यावी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

साखळीतेल

खर्चाचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा.

१. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत "५४-५५९" असला काहीतरी आकडा कोरलेला असेल. तो काय आहे?
२. हवा किती भरता? "अंगठ्याने दाबून बघतो" हे उत्तर चालणार नाही.
३. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेलं, तर गुडघा सरळ होतो का?

चिखलप्रेमी

एमटीबी ही एमटीबीच राहू द्या हो. रस्त्याची करायला निघालात तर ती धड इकडची राहणार नाही आणि तिकडचीही होणार नाही.

उतारकन्या

मी दीड वर्ष याच गोंधळात होते, म्हणून स्पष्ट लिहिते. रोड बाईक घ्या. रविवारचा ग्रुप रोडवाल्यांचा असेल तर तुम्ही काहीही केलंत तरी रुखरुख राहणारच. मी टायर बदलले, हँडल खाली घेतलं, पायडल बदलली. दर वेळी दोन आठवडे छान वाटायचं आणि मग पुन्हा तेच. शेवटी एका मैत्रिणीची रोड बाईक एक दिवस चालवली. पहिल्या वळणावर ती ज्या तऱ्हेने आत झुकली, तिथेच माझा निर्णय झाला. वेग किती वाढला ते मी बघितलंही नाही.

हात मात्र सांभाळा. सपाट हँडलवर मनगटं एकाच कोनात अडकून पडतात. चार तासांनंतर करंगळीला मुंग्या येतात. तोवर घेणं होत नसेल तर निदान हँडलच्या टोकांना बार एंड लावा. शिंगांसारखे दिसतात, दिसू द्या.

मंदगती

साखळीतेल, उत्तरं:

१. ५४-५५९ च आहे! तुम्हाला कसं कळलं? खाली २६ × २.१० असंही लिहिलंय.
२. अंगठ्यानेच दाबत होतो. आज शेजाऱ्याचा काटेवाला पंप आणला. मागे २२ पीएसआय, पुढे १८. टायरवर ३५ ते ६५ लिहिलंय. (तोंड लपवणारी बाहुली)
३. नाही. गुडघा चांगलाच वाकलेला राहतो. सीट तीन बोटं तरी खाली असेल.

उतारकन्या, करंगळीला मुंग्या मलाही येतात! मला वाटलं मानेचं काहीतरी असेल.

साखळीतेल

आकडा ओळखण्यात जादू काही नाही, २६ × २.१ चा बहुतेक तोच असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर घेताना ५५९ जुळला पाहिजे. "२६ इंची" एवढ्यावर विसंबू नका, त्या नावाखाली वेगवेगळ्या व्यासांची चाकं आहेत.

तुम्ही १८-२२ वर चालवत होतात, म्हणजे ओल्या वाळूतून चालवत होतात असं समजा. तेव्हा काहीही विकत न घेता:

हवा मागे ५५, पुढे ५०. सीट वर घ्या. टाच ठेवून गुडघा सरळ झाला पाहिजे, म्हणजे पंजा ठेवल्यावर तो किंचित वाकलेला राहतो. सीटपोस्टवर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर जाऊ नका. साखळी फडक्यात धरून उलटी फिरवत पुसा, एकेका कडीवर एक थेंब तेल द्या, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाका. हे शेवटचं कोणी करत नाही आणि मग साखळीवर धुळीचं वंगण तयार होतं.

एवढं करून दोन आठवडे चालवा. मग टायरचं बोलू.

आणि माझं मत आत्ताच सांगून ठेवतो. सायकलमध्ये जे झिजतं ते खुशाल बदला, कारण ते कधीतरी बदलायचंच असतं: टायर, ग्रिप, ब्रेकचे रबर, साखळी. पण जे बदललं की सायकलवर बसण्याची मूळ मापंच हलतात, त्याच्या नादी लागू नका. फोर्क आणि ड्रॉप हँडल दुसऱ्या गटात येतात.

गणिती_गोंधळ

थोडी आकडेमोड. स्वार ७५ किलो, सायकल १४, एकूण ८९. सपाट रस्ता, वारा नाही. डांबरावर बटण टायरचा घर्षणांक ०.०१० धरला. ताठ बसलेल्या माणसाचं हवेला आडवं येणारं "परिणामी क्षेत्रफळ" ०.६ चौमी धरलं. ही गृहीतकं आहेत, मोजमाप नव्हे.

१५ किमी वेगाला टायर खातो सुमारे ३६ वॉट, हवा २६.
३० किमी वेगाला टायर ७३, हवा २०८.

वेग दुप्पट झाला की टायरचा खर्च दुप्पट होतो, हवेचा आठपट. मंदगतींचा वेग आहे २० किमीच्या आसपास, तिथे दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. म्हणून टायर बदलण्याचा फायदा त्यांना चांगलाच जाणवेल. ३० किमीच्या पुढे जायचं असेल तर टायरने फार काही होणार नाही, तिथे पाठ वाकवावी लागते.

वजनाचं लोक उगाच फार मनावर घेतात. १४ ऐवजी ९ किलोची सायकल घेतली तर ८९ चे ८४ होतात, म्हणजे साडेपाच टक्के. अर्ध्या तासाच्या चढावर जेमतेम पावणेदोन मिनिटं वाचतील. सपाटीवर तर शोधूनही सापडणार नाही.

गियर कमी पडतील ही भीतीही काढून टाका. पुढे ४२ मागे ११ म्हणजे ३.८२ चं गुणोत्तर. तुमच्या चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारलेत तर वेग होतो ४२ किमीच्या पुढे! तुम्हाला उतार सोडून कुठे लागणार आहे तो?

चाकोरीबाहेर

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझी एमटीबी २९ची आहे, पुढे एकच ३२ची चकती. मी ७०० × २५ चे टायर घालू का? कोणी म्हणतं २९ आणि ७०० एकच, कोणी म्हणतं अजिबात नाही.

साखळीतेल

व्यास एकच आहे, दोन्हीचा ६२२. पण २५चा नको. तुमच्या रिमची आतली रुंदी बहुतेक २५ ते ३० मिमी असणार. एवढ्या रुंद रिमवर २५चा टायर ताणून बसवला तर त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला पडतात आणि खड्ड्यात रिमच आपटते. रिमवर रुंदी लिहिलेली असेल ती बघा. ४० ते ४५ चा गुळगुळीत टायर घ्या, आरामात बसेल आणि पळेल.

तुमच्या बाबतीत ११ दातांवर ९० फेऱ्यांना वेग ३६च्या आसपास अडकेल. एकट्याने चालवायला पुरे आहे, रोडवाल्यांच्या मागे उतारावर मात्र पाय भिरभिरतील.

सुटा_स्पोक

ड्रॉप हँडलचं नाव निघालं म्हणून माझी कर्मकहाणी सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्या २६च्या एमटीबीला मी ड्रॉप बसवलं. ३×९ गियर आणि व्ही-ब्रेक. इंटरनेटवर दोन फोटो बघितले आणि भारलो.

पहिला धक्का पहिल्याच संध्याकाळी. सपाट हँडलच्या नळीचा व्यास जिथे ब्रेक-गियरचे खटके बसतात तिथे २२.२ मिमी, ड्रॉपचा २३.८. म्हणजे जुने खटके त्यावर चढतच नाहीत. दीड मिमीसाठी सगळे खटके नवे. घेतले. मागचा गियर बरोबर पडायला लागला, कारण शिमानोच्या ९ गियरपर्यंत रोडचे खटके आणि एमटीबीचा मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा) एकमेकांशी जुळतात. (१० गियरपासून एमटीबीचं केबल ओढण्याचं माप बदललं, तिथे हेही जमत नाही.) मला वाटलं, जिंकलो. पुढच्या डिरेलरने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. मधल्या चकतीवर साखळी घासायची ती घासायचीच. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. दर रविवारची सकाळ त्यात जायची.

खरी गंमत ब्रेकची. व्ही-ब्रेकला जेवढी केबल ओढावी लागते त्याच्या साधारण निम्मीच रोडचा खटका ओढतो. उपाय म्हणून मी ब्रेकचे रबर रिमपासून एक मिलिमीटरवर आणून ठेवले. चाक अगदी सरळ असेपर्यंत ठीक. एकदा खड्ड्यात मागची रिम किंचित वाकली आणि रबर प्रत्येक फेरीला घासायला लागलं, म्हणून थोडं सैल केलं. पुढच्याच उतारावर खटका थेट हँडलला टेकला आणि सायकल जेमतेम मंदावली. पाय घासत थांबलो. बुटाच्या तळाचा वास अजून आठवतो. मग मध्ये एक छोटी कप्पी बसवली, ती केबल जास्त ओढते. ब्रेक लागायला लागले, पण दर दोन महिन्यांनी कप्पीच्या वळणावर केबल तुटायला सुरुवात.

एवढं करून बसायची ढब? एमटीबीची वरची नळी सपाट हँडल डोळ्यांसमोर धरून लांब केलेली असते. ड्रॉप लावलं की हात आणखी ८ सेंटिमीटर पुढे जातात, वर हूडची (ब्रेकच्या खटक्यांवरच्या रबरी बोंडांची) लांबी वेगळी. स्टेम (हँडल सायकलला जोडणारा आखूड तुकडा) १०० वरून ३५ मिमीवर आणला. तरी कोपरं ताठ, मान आखडलेली, आणि एवढ्या आखूड स्टेमने पुढचं चाक चंचल झालेलं. ज्या खालच्या वळणासाठी हा सगळा खटाटोप केला, तिथे मी आठ महिन्यांत दहा वेळाही हात नेला नसेल.

शेवटी सुटे भाग करून विकले. खर्चाचा हिशेब बायकोला अजून सांगितलेला नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही.

चिखलप्रेमी

एवढंही काही वाईट नाही हो. जॉन टोमॅक १९९० साली एमटीबीच्या शर्यतींत ड्रॉप हँडल लावूनच उतरायचा. चिखलात!

साखळीतेल

उतरायचा, बरोबर. पण त्या काळात तो रोडच्या शर्यतीही व्यावसायिक संघाकडून खेळत होता, दोन्हीकडे हाताची ढब एकच राहावी म्हणून ते. आणि त्याची सायकल जुळवून द्यायला मेकॅनिक होते. सुटा_स्पोककडे रविवारची सकाळ होती.

सुटा_स्पोक

आणि पाव फेरा.

मंदगती

ड्रॉपचा विचार रद्द. सुटा_स्पोक, तुमच्या बुटांना सलाम.

हवा आणि सीट करून बारा दिवस झाले. फरक इतका पडला की पहिल्या दिवशी उतरून टायर बघितले, कोणी बदलले तर नाहीत ना म्हणून. सीट वर घेतल्यावर दोन दिवस मांड्या वेगळ्याच ठिकाणी दुखल्या, आता नाही.

फोर्कचं काय? माझ्यात लॉक नाही. उभं राहून पायडल मारलं की पुढचं चाक उठाबशा काढतं. डोक्यावर एक गोल खुंटी आहे, ती पूर्ण आवळली तर? की कडक फोर्कच घालू? एका मित्राकडे रोड बाईकचा जुना फोर्क पडून आहे, फुकट देतोय.

साखळीतेल

ती खुंटी स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवते. आवळलीत तर तुम्ही बसल्यावर फोर्क कमी बसेल, पण स्प्रिंग तेवढीच मऊ राहते. बिघडत काही नाही, आवळा. उठाबशांवर फुकटचं औषध म्हणजे बसून चालवणं आणि एक गियर हलका ठेवून पाय भरभर फिरवणं.

रोडचा फोर्क मात्र फुकट असला तरी नको. फोर्कची लांबी चाकाच्या आसापासून वर फ्रेमला टेकतो तिथपर्यंत मोजतात. १०० मिमी हलणाऱ्या २६च्या सस्पेन्शन फोर्कची ती ४७० मिमीच्या आसपास असते, रोडच्या फोर्कची ३७० च्या. म्हणजे सायकलचं नाक १० सेंटिमीटर खाली. ढोबळमानाने दर २ सेंटिमीटरला हेड ट्यूबचा (फोर्क जिच्यात बसतो त्या पुढच्या नळीचा) कोन एका अंशाने बदलतो. पाच अंश उभा झाला तर हँडल कसं वागेल ते सांगायला नको. शिवाय पायडलही जमिनीजवळ येतं आणि वळणावर टेकतं. तुमच्या व्ही-ब्रेकचे खुंटेही रोडच्या फोर्कवर नसतात. पुढचा ब्रेक कुठे लावणार?

कडक फोर्क घालायचाच असेल तर सस्पेन्शनच्या लांबीला जुळवून केलेले मिळतात, ते ४४० वगैरे असतात. किलोभर वजन उतरेल. पण तो पैसा मी रोड बाईकच्या डब्यात टाकेन.

आता टायर घ्या. ४०-५५९, गुळगुळीत, आणि त्याच मापाच्या ट्यूब. जुनी २.१ची ट्यूब बारीक टायरमध्ये घडी पडून बसते आणि घडीवरच फाटते.

हँडल खाली घ्यायचं तर स्टेमखालच्या चकत्या काढून वर घाला. तेवढ्याने पुरेना तर स्टेम उलटा करा. आवळताना आधी वरचा स्क्रू, हँडल हलकं फिरतंय आणि खुळखुळत नाही एवढाच, मग बाजूचे दोन. उलट क्रमाने केलंत तर वरचा स्क्रू कितीही आवळा, काही होत नाही.

उतारकन्या

हँडल रुंद असेल तर करवत लावायच्या आधी ग्रिप आणि खटके चार-चार सेंटिमीटर आत सरकवून आठवडाभर चालवून बघा. मी आधी कापलं आणि मग कळलं की मला ते रुंदच आवडत होतं.

आणि बार एंड!

आसपास_२००

धागा उशिरा बघितला. ब्रेव्हेचा मुद्दा आलाय म्हणून लिहितो. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे २०० साठी थांबे धरून ताशी १५ च्याही किंचित खालीच. तुम्ही २० ने चालवलंत तर चालवण्याचे तास दहा. उरलेल्या साडेतीन तासांत लोक काय करतात ते बघण्यासारखं असतं. वेळ बहुतेकदा थांब्यांवरच जातो, रस्त्यावर नाही. एमटीबीवर २०० करणारे दर वेळी भेटतात. ६०० करणारे कमी भेटतात, आणि त्याचं कारण वेग नसून हात आणि बूड असतं.

घ्यायचीच असेल तर निखळ शर्यतीची रोड बाईक घेऊ नका. लांब पल्ल्याच्या ढबीची घ्या. पुढे ५०/३४, मागे ३२ किंवा ३४ पर्यंत, आणि ३२ मिमीचा टायर मावेल एवढी जागा. पूर्वी २३च्या वर कोणी जात नसे, आता शर्यतवालेही २८ वापरतात. "माझ्या उंचीला मीडियम" असं विचारून घेऊ नका, कंपनीगणिक मीडियम वेगळा असतो. स्टॅक आणि रीच हे दोन आकडे मागा. एक खालच्या क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, दुसरा आडवं अंतर. मग हूडवर हात ठेवून निदान अर्धा तास चालवा. पार्किंगमध्ये दोन गोल फेऱ्या मारून कुठलीही सायकल छानच वाटते.

चाकोरीबाहेर

आणि ग्रॅव्हल बाईक (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांची)? दोन्हीचं काम एकीत?

आसपास_२००

माझ्याकडे तीच आहे, त्यामुळे माझं मत निष्पक्ष धरू नका. चाकांचे दोन जोड ठेवता आले तर उत्तम. एकाच जोडीवर टायर बदलत बसणार असाल तर महिन्याभरात कंटाळाल आणि जो चढवलाय तोच राहील.

मंदगती

पाच आठवड्यांनी हजेरी लावतोय.

टायर घातले, ४०-५५९. जुना काढला तेव्हा रिमच्या पट्टीखाली गंजाची धूळ आणि एक मेलेला कोळी निघाला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो हे मागचा टायर उलटा चढवल्यावर कळलं, पुन्हा काढला. शेवटची चार बोटं कड काही केल्या चढेना. कड समोरच्या बाजूने रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची असते, ते एका वयस्क सायकलवाल्या काकांनी बाजूला उभं राहून दाखवलं, हात न लावता. हवा मागे ६०, पुढे ५५. चकत्या वर, हँडल अडीच सेंटिमीटर खाली.

तोच ६० किमीचा रस्ता. आधी सरासरी १९.६ होती. आता २१.९! गेल्या रविवारी पाठी तीस किमीपर्यंत दिसल्या.

गणिती_गोंधळ

अभिनंदन. पण सायकल कॉम्प्युटर चुंबकवाला आहे की जीपीएसवाला?

मंदगती

चुंबकवाला. का?

गणिती_गोंधळ

त्यात चाकाचा घेर भरलेला असतो. २.१च्या टायरचा २०६८ मिमी होता, आता १.५च्या आसपासच्या टायरचा तो २०१० होतो. तुम्ही बदलला नसेल तर तो प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ सहा सेंटिमीटर खोटं बोलतोय. २१.९ चे खरे २१.३. आणि त्यावर ६० किमी दिसले तेव्हा तुम्ही ५८च्या थोडं वरच चालवलेले असतात.

मंदगती

बदलला नव्हता. आज बदलला. तुम्ही माणूस चांगले आहात, पण तुमच्याबरोबर मी सायकल चालवणार नाही.

गणिती_गोंधळ

२१.३ देखील छानच आहे. मी कागदावर घर्षणांक ०.०१० चा ०.००६ करून बघितला होता, तेवढ्याच ताकदीत दीड-पावणेदोन किमीची वाढ येत होती. तुमची बरोबर तेवढीच झाली. माझं गणित पहिल्यांदाच कोणाच्या तरी पायांनी सिद्ध केलं.

मंदगती

दोन महिन्यांनी शेवटचा अहवाल, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

२०० झाली. १२ तास १० मिनिटं, त्यातले १० तास १५ मिनिटं चाकं फिरत होती. आसपास_२०० म्हणाले तसं, बरोबरचे दोघं रोड बाईकवाले तिसऱ्या थांब्यावर इतका वेळ बसले की मी त्यांच्या आधी निघालो आणि आधी पोचलो.

पण १३० किमीनंतर उजव्या हाताची दोन बोटं माझी राहिली नव्हती. गियर बदलायला अंगठा सापडेना, तळव्याने ढकलत होतो. शेवटचे ४० किमी आलटून पालटून एक हात पाठीवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी शर्टाची गुंडी लावता येईना, चार दिवसांनी बोटं ताळ्यावर आली. उतारकन्या, तुम्ही दोनदा सांगितलं होतं. मी बार एंड लावले नव्हते, दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून.

रोड बाईक घेतोय, लांब पल्ल्याच्या ढबीची. दोन चालवून बघितल्या, तिसरी शनिवारी. वेगासाठी नाही, हात ठेवायला तीन जागा मिळतात म्हणून.

उतारकन्या

बोटं महिनाभरात पूर्ण ठीक वाटली नाहीत तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. आणि नव्या सायकलवरही हात दर दहा मिनिटांनी हलवत राहा, नाहीतर तीन जागा असून एकाच जागी धरून बसाल.

चिखलप्रेमी

ते सगळं ठीक. एमटीबीचे जुने बटण टायर फेकले नाहीत ना?

मंदगती

माळ्यावर आहेत.

चिखलप्रेमी

मग पाऊस पडला की उतरवा. हवा २८ भरा, अंगठ्याने दाबून चालेल.